पेटी उघडी असताना

नाणं तिनं कडांना धरून दिव्याखाली तिरकं केलं आणि तिचा श्वास अडला. तसं अडण्यासारखं त्यात काही नव्हतं. एका बाजूला केस मागे बांधलेल्या बाईचं डोकं, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला पक्षी, खाली साल. आणि सालही असं की त्या वर्षी टांकसाळीनं दुसरं काही केलंच नसावं इतकी नाणी पाडलेली. नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या ह्या खोलीतले सगळे त्याला 'गर्दीचं साल' म्हणायचे. गर्दीच्या सालावर कुणी वेळ घालवत नाही. नाणं एकदा उजवीकडून डावीकडे फिरवायचं, चकाकी सलग वळसा घेते का पाहायचं, बाईच्या गालावर आणि पक्ष्याच्या छातीवर झीज आहे का पाहायचं, सत्तरपैकी दर्जाचा एक आकडा टाकायचा आणि पुढचं उचलायचं. चांदीची जुनी नाणी जमवणारे लोक ह्या आकड्यासाठी जीव टाकतात, भांडतात, रुसतात. आकडा देणाऱ्याला मात्र दुपारपर्यंत तो आठवतही नाही. पण ह्या बाईच्या हनुवटीखाली, मान जिथे सुरू होते तिथे, मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक काळपट ठिपका होता आणि त्याच्याभोवती फिकट निळं कडं. तो ठिपका तिनं ओळखला. शेजारच्या खोलीत खोकणारं आपलं माणूस न बघता ओळखावं तसा, विचार करायच्या आधीच.

पलीकडच्या टेबलावरच्या घुबडानं मान वळवून पाहिलं. त्याच्या एका डोळ्याला कायम भिंग अडकवलेलं असायचं म्हणून तो घुबड. हे नाव त्यानंच स्वतःला दिलं होतं, दुसऱ्या कुणी देण्याआधी. त्यानं उघड्या डोळ्याची भुवई उचलली. तिनं मान हलवून काही नाही म्हटलं. ह्या खोलीत बोलणं नव्हतंच. तोंडाला मास्क असायचा, तरी नाणं हातात असताना कुणी शब्द काढायचा नाही. बोलताना थुंकीचा जो बारीक कण उडतो तो माणसाला दिसत नाही, चांदीला मात्र लागतो. आणि लगेच काही होत नाही. महिने जातात, कधी वर्षं, आणि मग तिथं डाग वर येतो. नव्यानं लागलेल्या पोरापोरींना हे पहिल्याच दिवशी बजावतात, आणि त्यांना ते फार जड जातं. बाहेर चहाला गेली की धरण फुटल्यासारखी बोलत सुटतात बिचारी. तिला जड गेलं नव्हतं. ती अशाच घरात वाढली होती.

बाबांची पेटी रोज संध्याकाळी उघडायची. लाकडी, उथळ खणांची, प्रत्येक खणात बनातीच्या मऊ हिरव्या कापडात कापलेले गोल खळगे. बाबा कचेरीतून येत, हात साबणानं धूत, पुसून पुन्हा वाळवत, आणि मग जेवणाच्या टेबलावर ती पेटी येई. खण ओढल्याचा तो खरखरीत सुस्कारा ऐकू आला की घरातले आवाज आपोआप खाली बसत. आई नळ बारीक करी. ती स्वतः गृहपाठाची वही घेऊन टेबलाच्या टोकाला बसे आणि तोंड मिटून, नाकानं श्वास घेत, बाबांच्या बोटांकडे पाहत राही. बाबा रागावणारे नव्हते. त्यांनी कधी आवाज चढवलेला तिला आठवत नाही. कुणी बोलू लागलं तर ते नाण्यावरची नजर न काढता नुसतं एक बोट वर करत. बस्स, एवढंच. थांब, पेटी उघडी आहे. त्या बोटात धाक नव्हता, उलट एक प्रकारची विनंती होती, आणि म्हणूनच ते कुणाला मोडवत नसे. तिला तर त्या वेळी ती शांतता आवडायचीसुद्धा. दिव्याच्या गोलात बाबांचे हात, बाजूला अंधूक आई, आणि कुणी काही बोलायचं नाही म्हणजे कुणी कुणाला दुखवायचंही नाही. पुढे स्वतःच्या घरी ती कधी कधी हीच शांतता शोधायची आणि ती मिळायची नाही, कारण आता तिच्या घरात भुंगा होता.

भुंगा म्हणजे तिची मुलगी. जागी असेतो गुणगुण. दूध पिताना ग्लासात बोलायची, दात घासताना फेसातून बोलायची, झोप आली तरी शेवटचं वाक्य अर्धं तोंडात ठेवून झोपायची आणि सकाळी तेच पुढं सुरू करायची. नवरा म्हणायचा, "हिला बटण कुठंय ते जन्मतानाच विचारून घ्यायला हवं होतं." परवाच ती फोनवर होती आणि भुंगा धावत आली होती, गाल लाल, काहीतरी प्रचंड घेऊन आल्यासारखी. "आई, आई, मला ना," आणि तिनं फोन कानाला तसाच ठेवून एक बोट वर केलं. भुंगा थांबली. तोंड तसंच उघडं. फोन लांबला. तो संपल्यावर ती खाली वाकली, त्या घामेजल्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "हं, सांग आता. काय सांगत होतीस?" भुंगानं आठवून पाहिलं, खरंच मनापासून आठवून पाहिलं, आणि खांदे उडवले. "विसरले." आणि पळाली. एवढंच झालं होतं. त्यात काय आहे? मुलं विसरतात. पण त्या दिवसापासून तिला आपलं ते बोट अधूनमधून दिसत होतं. भाजी चिरताना, किल्ली फिरवताना. ते तिचं नव्हतंच, बाबांचं होतं, तसंच किंचित वाकलेलं.

आईच्या पदराला नेहमी ओल असायची. लहानपणच्या त्या एका संध्याकाळीही ती हात पुसतच बाहेर आली. पेटी उघडी होती आणि बाबांच्या बोटांत हेच नाणं होतं, हीच बाई. आई टेबलाशी आली, दिव्याच्या अगदी जवळ, आणि म्हणाली, "अहो, मला जरा." बोट वर झालं. आई थांबली. टेबलाच्या टोकाला बसलेल्या तिनं पाहिलं, आणि हे तिनं पाहिलंच होतं, शपथेवर सांगेल, की 'जरा' म्हणताना आईच्या ओठांवरून एक चकाकता कण उडाला, दिव्याच्या उजेडात क्षणभर तरंगला आणि खाली गेला. आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. एक हात छातीशी, काखेच्या किंचित पुढे, जणू तिथलं बटण सुटलंय की काय ते चाचपतेय. मग आत गेली. नळ पुन्हा मोठा झाला. पुढे आईला तिथंच गाठ सापडली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की थोडं आधी यायला हवं होतं. 'थोडं आधी' हे शब्द तेव्हा घरात कुणीतरी ठेवून गेलेल्या सामानासारखे कितीतरी दिवस पडून होते, कुणी हलवले नाहीत. लहान असल्यानं तिला तेव्हा काही जोडता आलं नव्हतं. जोडलं ते फार पुढे, ह्याच खोलीत, शिकाऊ असताना, जेव्हा विभागप्रमुखांनी भिंगाखाली एक डाग दाखवून सांगितलं की हा असा काळा ठिपका आणि भोवती निळसर कडं, ही थुंकी. कुणीतरी ह्याच्यावर बोललेलं आहे. त्या दिवशी ती घरी, म्हणजे तेव्हाच्या घरी, बाबांकडे गेली आणि बाबा आंघोळीला गेल्यावर तिनं खण ओढला. बाईच्या हनुवटीखाली तो होता. तिनं खण परत आत ढकलला. बाबांना ती एका अक्षरानं बोलली नाही. आणि तेव्हापासून तिच्या मनात बाबांच्या नावापुढे एक ठिपका होता, लहानसा. तो कुणाला दिसत नसे, पण तिनं जेव्हा जेव्हा त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा उजेड त्यावर अडखळला होता. त्यांना औषधं आणून देताना, त्यांचे चष्मे दुरुस्त करून आणताना, दुपारी भुंगाला त्यांच्याकडे सोडताना.

आता ते नाणं तिच्या तळव्याच्या वर, दोन बोटांत होतं. कुणाचं नाणं आहे हे इथं कळू देत नाहीत. पाकिटावर नुसत्या काळ्या रेघा. ओळखीचं निघालं तर लगेच सांगायचं आणि बाजूला व्हायचं, असा नियम. ती काही बोलली नाही. बाबांनी कुणा व्यापाऱ्यामार्फत पाठवलं असणार, तिला न सांगता, आणि का, ते तिला वाटलं की तिला ठाऊक आहे. आकडा हवा असेल. आयुष्यभर जपलं त्यावर कुणीतरी शिक्कामोर्तब करावं असं वाटत असेल म्हातारपणी. डाग असलेल्या नाण्याला आकडा कमी. पण डाग काढता येतो. खोलीच्या कोपऱ्यात एक निळा कप्पा होता. त्यात ठेवलेलं नाणं मागच्या प्रयोगशाळेत जायचं, एका द्रावात बुडवून बाहेर निघायचं, लख्ख, जणू त्याच्यावर कधी कुणी काही बोललंच नाही. इथल्या भाषेत त्याला 'आंघोळ' म्हणत. हिला आंघोळ घाला, असा हातानं इशारा करायचे. गर्दीच्या सालाला, एरवी चांगल्या राहिलेल्या नाण्याला, अशा एकुलत्या एका डागासाठी आंघोळ घालणं हाच बरोबर निर्णय होता. घुबडानं केला असता, तिनंही काल केला असता. केला तर आईचा तो शब्द पुसला जाणार. नाही केला तर तो, इथून प्रत्येक नाणं सीलबंद होऊन परत जातं तसा, प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत कायमचा बंद होणार, वर कमी आकडा, आणि बाबा ती डबी हातात घेऊन विचारणार, का? आणि मग कदाचित ती सांगेल. ह्या कल्पनेनं तिला एक हलकीशी, लाजिरवाणी ऊब वाटली. गाल तापले. तिनं मास्कच्या आत ओठ चावले.

तिनं नाणं पुन्हा तिरकं केलं. बाईच्या गालाच्या उंचवट्यावर चकाकी किंचित मंद होती. ही बाजारात फिरून आलेली झीज नव्हती. ही पेटीतली झीज. नाणं कधी खर्च होत नाही, कुणाच्या खिशात जात नाही, फक्त रोज खण ओढला जातो आणि रोज आत ढकलला जातो, आणि त्या ओढण्याढकलण्यात बनातीवर ते कणभर सरकतं. असं वर्षानुवर्षं. नुसतं नीट ठेवल्यानंही गाल झिजतो. आईचे गाल शेवटी कसे होते, हे आठवायचा तिनं प्रयत्न केला आणि तिला नाण्यावरचाच गाल आठवला. ती दचकली. उठली, विभागप्रमुखांच्या काचेच्या खोलीत गेली. पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"मास्तर, हा ट्रे उद्या सकाळी दिला तर चालेल?"

"गर्दीच्या सालाचा ट्रे आणि उद्या?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं वाटत नाही का?"

"डोकं चढलंय थोडं."

"जा मग. त्या बाया काही पळून जात नाहीत."

बाबांचा जिना चढतानाच भुंगाचा आवाज येत होता. दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर बाबा बसले होते, त्यांच्या मांडीवर नाही पण मांडीला रेलून भुंगा, आणि दोघांच्या मध्ये फोडलेल्या सफरचंदाच्या तपकिरी पडलेल्या फोडी. "आई, आजोबांनी मला विचारलं की हत्तीला गुडघे किती, आणि मी म्हटलं चार, आणि ते म्हणाले दोन, आणि मी," "अगं श्वास घे," बाबा म्हणाले. "आज लवकर?" त्यांनी उठून चहाचं पातेलं उचललं, मग शेगडीवर ठेवलं, मग साखरेचा डबा शोधला, जो त्यांच्या हाताशीच होता. हल्ली हे असं व्हायचं. तिनं डबा सरकवला. त्यांनी तिच्याकडे न बघता हसून घेतलं. त्यांच्या मनगटांवर कातडी सैल होऊन तिच्या घड्या पडल्या होत्या आणि नखं मात्र तशीच, नीट कापलेली, स्वच्छ.

"बाबा, तुम्ही नाणं पाठवलंत आमच्याकडे."

ते थबकले. "तुझ्याकडे आलं होय? मला वाटलं एवढ्या जणांत कशाला तुझ्याकडे येईल." आणि मग घाईनं, "बोलायचं नसतं ना पण तुम्हाला? नियम असेल."

"आहे. बाबा, त्यावर डाग आहे."

"आहे की."

"तुम्हाला माहितीय?"

"मला नाही तर कुणाला? घेतलं तेव्हापासून आहे तो. म्हणून तर दुकानदारानं इतक्या सहज दिलं. तुझा जन्मही नव्हता तेव्हा." ते चहा ढवळू लागले. "घरी आणलं आणि तुझ्या आईला दाखवलं. तर म्हणाली, हिला तीळ आहे हनुवटीला, नवऱ्याला धाकात ठेवणार ही. मी म्हटलं, ठेव बाई, तूही ठेव, मी कुठं नको म्हणतोय."

टेबलाची कड तिनं धरली. ती गार होती आणि थोडी चिकट. भुंगा सफरचंदाच्या फोडी एकावर एक रचत होती आणि प्रत्येकीला काहीतरी समजावत होती. बाबांना हल्ली साखरेचा डबा सापडत नाही. बाबांना औषध घेतलं की नाही तेही आठवत नाही. पण हे वाक्य त्यांनी आईच्या आवाजात म्हटलं होतं, तो किंचित नाकातला हेल, जो ती स्वतः पार विसरून गेली होती आणि जो आता इथं, चहाच्या वाफेत, असा अचानक आला की तिला मागं वळून बघावंसं वाटलं.

"आई एकदा काहीतरी सांगायला आली होती," ती म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "संध्याकाळी. पेटी उघडी होती. तुम्ही बोट वर केलंत. ती आत गेली."

"कधी?"

"ती आजारी पडायच्या आधी. जरा आधी."

बाबा बराच वेळ आठवत राहिले. त्यांच्या कपाळावर तोच प्रामाणिक ताण आला जो परवा भुंगाच्या कपाळावर आला होता, आणि तिला तो बघवेना. "मी तर रोजच बोट वर करायचो गं," ते शेवटी म्हणाले. "त्यातली कुठली संध्याकाळ म्हणतेस तू?"

"मग तिनं सांगितलं का तुम्हाला? नंतर?"

"सांगितलं असेल. ती नंतर सांगायचीच."

"आणि नसेल सांगितलं तर?"

चहा उतू जाऊन शेगडीवर चर्र झालं. त्यांनी ज्योत विझवली, फडकं घेतलं, पुसत राहिले. स्वच्छ झालेली जागा पुसत राहिले. तिला वाटलं की आता आपण रडू किंवा ओरडू, ज्यासाठी इतकी वर्षं एक खण बंद ठेवला होता ते आता बाहेर येईल. पण आत काही नव्हतं. म्हणजे रिकामं नव्हतं. तिथं आई उभी होती, हात पुसत, आणि तिच्या ओठांवरून काही उडत नव्हतं. तिनं तो चकाकता कण पुन्हा आणायचा प्रयत्न केला. तो येईना. दिवा आला, बाबांची बोटं आली, छातीशी गेलेला हात आला. मग तो हात खरंच छातीशी गेला होता का? की तोही तिनंच पुढं कधीतरी तिथं नेऊन ठेवला?

"डाग काढून टाकू का त्याचा?" तिनं विचारलं. "काढला तर आकडा चांगला येईल."

"आकड्याला काय करायचंय? त्या सालची टोपलीभर मिळतात." बाबा फडकं पिळून वाळत घालत होते, पाठमोरे. "ही बया बघ ना. रोज म्हणते, आजोबा पेटी दाखवा. आणि बघताना तोंड काही मिटत नाही. आता तिला गप्प बस म्हणायला माझ्या जिवावर येतं. तो व्यापारी म्हणाला, तुम्ही लोक डबीत बंद करून देता. मग काय, हातात घेऊ दे, बोलू दे हवं तेवढं. म्हणून पाठवलं. एक तर पाठवून बघू म्हटलं." मग वळून, जरा ओशाळून, "तुझ्या वेळी अशा डब्या नव्हत्या गं."

"आजोबा, बया म्हणजे कोण?" भुंगानं विचारलं.

"तू."

"आणि आई?"

"तीही बयाच. पण मुकी," बाबा म्हणाले आणि हसले, आणि हसता हसता तिच्याकडे असं पाहिलं की तिला चहाचा कप उचलून त्यामागे चेहरा न्यावा लागला.

घरी जाताना भुंगा तिचा हात धरून चालत होती आणि हत्तीच्या गुडघ्यांचा निकाल लावत होती. तिचा हात गरम होता, सफरचंदानं चिकट. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. "ऐकतेयस ना?" भुंगा दर दोन वाक्यांनी विचारायची, आणि ती हो म्हणायची, आणि ऐकत नव्हती. एखादा माणूस वर्षानुवर्षं एका भिंतीला टेकून बसावा आणि कुणीतरी येऊन सांगावं की ही भिंत नव्हतीच, पडदा होता, तसं तिच्या पाठीला वाटत होतं. बाबांवरचा राग गेला असता तर बरं होतं. तो गेला नव्हता. फक्त त्याला आता ठेवायला जागा नव्हती. रोजच, असं ते म्हणाले होते, किती सहज. एक संध्याकाळ असती तर माफ करता आली असती किंवा नसती करता आली. रोजचं काय करायचं?

सकाळी तिनं मास्क बांधला, ट्रे पुढे ओढला आणि ते नाणं उचललं. खूप वेळ पाहिलं. डाग थुंकीचा असू शकत होता. ओल्या पाकिटाचा असू शकत होता. टांकसाळीतून निघतानाच बसलेला असू शकत होता. दुसरं कुठलंही नाणं असतं तर तिनं एका नजरेत सांगितलं असतं. गालावरची झीज आता तिला कधी जास्त वाटे, कधी मुळीच नसल्यासारखी. पेन दोनदा कागदाला टेकलं आणि उचललं गेलं. निळ्या कप्प्याकडे तिनं पाहिलं, आणि मग नाणं पाकिटात घालून, पाकीट तळहातावर उघडं धरून ती काचेच्या खोलीत गेली.

"मास्तर, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला हे दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? डोळे तपासून घे."

"डोळे ठीक आहेत. आमच्या घरचं आहे हे."

मास्तरांनी चष्मा काढला. "हे काल सांगायचं असतं बाई."

"काल वाटलं होतं, मलाच दिसतंय."

शाळेत शिकवतानाचं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं, आणि त्यांनी पाकीट घेतलं. घुबडाच्या टेबलावर ते जाऊन पडलं. ती आपल्या जागी बसली. कडेच्या नजरेनं तिला त्याचा हात दिसला. नाणं निघालं, दिव्याखाली एकदा फिरलं, किंचित थांबलं. तिनं मान खाली घातली. त्याचं पेन कागदावर खरडल्याचा आवाज आला, मग त्याची खुर्ची सरकली, मग पुन्हा सरकली. तो कोपऱ्यातल्या कप्प्यापर्यंत जाऊन आला की नुसता पाय मोकळे करून, हे तिनं पाहिलं नाही. पाहू नये म्हणून तिनं ट्रेच्या कडेवर दोन्ही अंगठे दाबून धरले होते.

मग तिनं पुढचं उचललं. तेही गर्दीच्या सालाचंच होतं. तेच केस मागे बांधलेले, तीच मान, हनुवटीखाली चांदी सपाट आणि मोकळी. तिनं ते तिरकं केलं. चकाकी कपाळावरून उतरली, गालावरून गेली, गळ्याला वळसा घालून परत आली. ही बाई तिच्या ओळखीची नव्हती. आकडा टाकायला कागदावर जागा होती. तिनं तो लगेच टाकला नाही. अजून थोडी पाहत राहिली.